‘तुम्हाला चालेल ना?’

२०२३ साली २९ जूनला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आल्या. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद यांचीही गाठ पडली. पहिल्या वेळी राज्यातल्या अनेक गावांमधल्या मुस्लिम समाजाने आपणहून ठरवले की, एकादशीला फक्त ईदची नमाज पढायची आणि कुर्बानी पुढच्या दोन दिवसांत द्यायची. धर्माने तशी मुभा दिलेलीच आहे. दुसऱ्या वेळी मुंबईतला जुलूस एक दिवस पुढे गेला, सरकारने २९ तारखेची सुटी जाहीर केली आणि विसर्जनाच्या मिरवणुका निर्वेध पार पडल्या. २०२४ मध्ये ईद सोळा सप्टेंबरला आणि अनंत चतुर्दशी सतराला होती. त्या वर्षीही मुंबईत जुलूस अठराला निघाला.

या योगायोगात गूढ काही नाही. हिजरी वर्ष निव्वळ चांद्र, सुमारे ३५४ दिवसांचे. त्यामुळे मुसलमानांचे सण दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतात. आपले पंचांगही चंद्राचेच, पण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक अधिक मास घालून आपण ते ऋतूंच्या दावणीला पुन्हा बांधतो. म्हणजे एकाचे सण जागेवर आणि दुसऱ्याचे सण त्यांच्याभोवती प्रदक्षिणा घालणारे! ही प्रदक्षिणा साधारण बत्तीस वर्षांत पुरी होते. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मोहरम आणि गणपती एकत्र आले होते, ते पुन्हा २०१८, २०१९ आणि २०२० साली आले. २०२० साली तर करोनाने दोघांनाही घरातच बसवले.

असे दिवस नीट पार पडले की वर्तमानपत्रांत फोटो येतात. मौलवी आणि मंडळाचे अध्यक्ष एकमेकांना पेढा भरवत आहेत, मध्ये पोलीस निरीक्षक उभे आहेत. वाचून बरे वाटते आणि वाटायलाच हवे. पण या दिवसांची तयारी महिनाभर आधीपासून झालेली असते. शांतता समितीच्या बैठका होतात, मिरवणुकीचे मार्ग ठरतात, बंदोबस्त लागतो. ज्या दिवसाची सगळ्यांना धास्ती असते तो दिवस सहसा सुरळीतच जातो. मला बोलायचे आहे ते उरलेल्या साडेतीनशे दिवसांविषयी. त्या दिवसांची कुणाला धास्ती नसते, त्यांना पोलीस नसतात आणि त्यांचे फोटोही छापून येत नाहीत.

पंचवीस-तीस वर्षे मी डोंबिवलीहून लोकलने बँकेत जात होते. पुरुषांच्या डब्यातली भजनी मंडळे ज्यांनी ऐकली नाहीत त्यांना मुंबई निम्मीच कळली असे मी म्हणेन. टाळ, एखादी ढोलकी, आणि तीही नसली तर डब्याच्या पत्र्यावर पडणारी थाप. कारकून, फिटर, गिरणीतून सुटून वॉचमन झालेला एखादा वारकरी, अशी सगळी मंडळी ठरलेल्या गाडीत ठरलेल्या जागी उभी राहायची आणि ठाणे गेले की आवाज चढायचा. दिवसभर ज्यांचे साहेबापुढे काही चालत नाही, त्यांना तासभर स्वतःचा गळा सापडायचा. आमच्या बायकांच्या डब्यात भजन कमी, सण जास्त. संक्रांतीचा तिळगूळ, आश्विनातला भोंडला. गेल्या वीसेक वर्षांत नवरात्राचे नऊ रंगही आले. दसऱ्याला डब्याला झेंडूची तोरणे लागत, मोटरमनला पेढे दिले जात. रेल्वेच्या नियमांत यातले काहीच बसत नसे, आणि रेल्वेचे बिचारे अधिकारी तिकडे सोयीस्कर दुर्लक्ष करत. त्या गर्दीत माणूस माणसाला जोडला गेला तो अशाच गोष्टींनी.

आणि तरी. संक्रांतीनंतरच्या एखाद्या शुक्रवारी डब्यात हळदीकुंकू निघाले की मला दर वर्षी एक गोष्ट दिसायची. ताट पुढे सरकत येई तसतशी काही बायकांची नजर खिडकीबाहेर जाई. एक ख्रिश्चन परिचारिका होती, रात्रपाळी करून येणारी. ती तिळगूळ आनंदाने घ्यायची, कुंकवाच्या वेळी हसून मान मागे घ्यायची. नोकरीला लागलेल्या एकदोन मुस्लिम मुली होत्या. पण खिडकीबाहेर सगळ्यात लांब पाहणाऱ्या बायका आमच्यातल्याच होत्या. नवऱ्याच्या जागी अनुकंपेवर लागलेल्या. ताट त्यांच्या समोर येताच ज्या हाताने ते धरलेले असे तो हात अगदी नकळत थोडा वर उचलला जाई, आणि पुढच्या बाईकडे सरके. कुणी वाईट वागत नव्हते. सगळ्या जणी एकमेकींना डबा देणाऱ्या, चौथी सीट करून देणाऱ्या, बाळंतपणात धावून जाणाऱ्या. पण घरातल्या हळदीकुंकवाला जिला बोलावणे नसते तिला घरीच राहण्याची सोय असते. आठ पाचच्या लोकलमधून ती कुठे जाणार?

सामायिक जागेचा खरा प्रश्न मला इथे दिसतो. ‘सर्वधर्मसमभाव’ म्हटला की आपण हिंदू विरुद्ध मुसलमान एवढाच हिशेब मांडतो. प्रत्यक्षात ज्या जागेला दार नाही, म्हणजे जिथून उठून जाता येत नाही, तिथे कुणाचेही कर्मकांड सुरू झाले की डब्यातल्या माणसांचे आत आणि बाहेर असे दोन भाग पडतात. ते भाग कधी धर्माने पडतात, कधी जातीने, कधी नुसत्या कपाळाने.

आमच्या बँकेत सत्यनारायण असे. शाखेच्या वर्धापनदिनाला, शनिवारी. तेव्हा बँका दर शनिवारी अर्धा दिवस चालत. काउंटर बंद झाला की मधली टेबले बाजूला सरकवली जात, चौरंगाला केळीचे खांब बांधले जात, हेड कॅशियरच्या घरून तांब्याचा कलश येई. व्यवस्थापक सपत्नीक पूजेला बसत. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला स्ट्राँगरूमच्या दाराला हार, खंडेनवमीला लेजरांना, पुढे संगणकांना गंध-फूल. मला हे सारे आवडायचे, आजही आवडते. वर्षभर ज्या यंत्राला शिव्या घातल्या त्याला एक दिवस फूल वाहणे यात काहीतरी शहाणपण आहे, त्याला अंधश्रद्धा म्हणून नाक मुरडणाऱ्यांत मी नाही. शिऱ्याच्या वासाने अख्खी शाखा त्या दिवशी माणसात आलेली असायची. वर्गणीची यादी शिपाई फिरवी. रकमेचा आग्रह नसे, पण यादीत सगळ्यांची नावे आधीच लिहिलेली असत आणि प्रत्येक नावापुढे एक मोकळा चौकोन. बँकेत काम केलेल्या माणसाला मोकळा चौकोन सहन होत नाही.

माझ्या एका शाखेत एक मुस्लिम अधिकारी होते. कर्जवसुली त्यांच्याकडे. माणूस अत्यंत नेमस्त, व्हाउचरवर त्यांची सही असली की पुन्हा तपासायची गरज नसे. यादीत त्यांचा चौकोन नेहमी सगळ्यांत आधी भरलेला. आणि पूजेच्या शनिवारी दुपारी त्यांना न चुकता वसुलीसाठी बाहेर जावे लागे. कर्जदार शनिवारी दुपारी घरी सापडतात, हे कारणही बिनतोड होते. पुढे आम्ही दोघेही बदलीने वेगवेगळ्या ठिकाणी गेलो. एकदा प्रशिक्षण केंद्रावर भेट झाली तेव्हा हा विषय निघाला. ते म्हणाले, ‘मॅडम, पूजेचा मला कधी त्रास झाला नाही. माझ्या आईच्या माहेरी गावात पालखीचा मान होता. त्रास एकाच गोष्टीचा व्हायचा. दर वर्षी कुणीतरी प्रेमाने येऊन विचारायचं, साहेब, तुम्हाला चालेल ना? आता सांगा, तीस माणसांत एकट्यानं, चालणार नाही, असं कोण म्हणू शकतं? त्यापेक्षा वसुली बरी.’

‘चालेल ना’ हा आपल्या भाषेतला फार गोड प्रयोग. चहात साखर चालेल ना, खिडकी उघडली तर चालेल ना. त्यातला तो शेवटचा ‘ना’ ऐकणाऱ्याच्या तोंडात उत्तर आधीच ठेवून देतो. समोरच्याने ‘हो’ म्हणायचे आणि आपण निश्चिंत व्हायचे. विचारल्याचे पुण्य आपल्याला, नकाराचा भार त्याच्यावर. संख्येने जास्त असलेल्या माणसांनी कमी असलेल्यांना विचारलेला प्रश्न आणि दोन बरोबरीच्या माणसांनी एकमेकांना विचारलेला प्रश्न यांची वाक्यरचना एकच असते, पण वजन सारखे नसते. आणि हे फक्त हिंदूंनाच लागू आहे असे नाही. ज्या मोहल्ल्यात, ज्या वाडीत जो अधिक असतो तिथे त्याचा ‘ना’ चालतो. मुस्लिमबहुल इमारतीत राहणारे एखादे जैन कुटुंब, ख्रिश्चनांच्या गावठाणातले एखादे मराठी कुटुंब यांना विचारून पाहावे.

संमतीचा हा प्रश्न सार्वजनिक प्रार्थनेच्या संदर्भात ज्यांनी सर्वांत गंभीरपणे घेतला ते गांधीजी होते असे मला वाटते. साबरमतीच्या आश्रमात प्रार्थनेला इमारतच नव्हती. हृदयकुंजाजवळ नदीकाठची मोकळी जागा, वर आकाश. आश्रमाची भजनावली सिद्ध केली ती पंडित नारायण मोरेश्वर खरे या विष्णू दिगंबर पलुस्करांच्या मराठी शिष्याने. संध्याकाळच्या प्रार्थनेत गीतेच्या दुसऱ्या अध्यायातली स्थितप्रज्ञाची लक्षणे असत. पुढे तिच्यात एकेक भर पडत गेली. रेहाना तय्यबजींमुळे कुराणातली आयत, सेवाग्रामला आलेल्या जपानी भिक्षूमुळे बौद्ध मंत्र, पुण्याच्या आगाखान पॅलेसमधल्या स्थानबद्धतेत डॉ. गिल्डर यांच्यामुळे पारशी प्रार्थना. या भरीची पद्धत मला महत्त्वाची वाटते. कुठल्या समितीने प्रत्येक धर्माला दोन-दोन मिनिटे वाटून दिली नव्हती. एकेक माणूस त्या वर्तुळात येऊन बसला आणि येताना त्याची प्रार्थना त्याच्याबरोबर आली.

एप्रिल १९४७ च्या आरंभी दिल्लीत भंगी वस्तीतल्या वाल्मीकी मंदिराच्या आवारात गांधीजींची सायंप्रार्थना चालू होती. पंजाब पेटलेला होता. कुराणातला भाग सुरू होताच श्रोत्यांतून एक तरुण उठला आणि त्याने हरकत घेतली. जमलेल्या लोकांपैकी बहुतेकांना प्रार्थना हवी होती. काही जण त्या तरुणाला बाहेर काढायला सरसावले. गांधीजींनी त्यांना अडवले आणि त्या दिवशीची प्रार्थनाच थांबवली. असे लागोपाठ काही दिवस झाले. कुराणाचा भाग गाळून उरलेली प्रार्थना करायलाही ते तयार नव्हते, आणि हरकत घेणाऱ्याला गर्दीच्या जोरावर गप्प बसवून प्रार्थना करायलाही तयार नव्हते. पुढे हरकत घेणारा कुणी उरला नाही तेव्हाच ती पुरी झाली. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत बिर्ला हाउसवर पुन्हा हाच प्रसंग येऊ लागला, तेव्हा त्यांनी थोडा वेगळा मार्ग काढला. विरोध करणाऱ्यांनी शांतपणे विरोध करावा आणि बाकीच्यांनी त्यांच्याविषयी मनात राग धरू नये, एवढी हमी घेऊन मग प्रार्थना होई. एकाच्या हरकतीने शेकडोंची प्रार्थना कायमची बंद ठेवणे हेही त्यांना योग्य वाटत नव्हते.

आपल्याला यातले पहिले टोक आठवते, दुसरे आठवत नाही. सहिष्णू म्हणवणारे म्हणतात, कुराण वाचले म्हणजे झाले. कडवे म्हणतात, वाचूच नका. एकट्या माणसाला ‘नाही’ म्हणता यावे आणि तसे म्हटल्यावर त्याच्याकडे कुणी डोळे वटारू नयेत, ही जी मधली मेहनत गांधीजी करत होते, तिचा वारसा कुणी सांगत नाही. अर्थात आठ पाचच्या लोकलमध्ये दर दिवशी प्रत्येकाची हरकत विचारत बसले तर गाडी कुर्ल्याच्या पुढे जायची नाही, हे मलाही समजते!

रस्त्याचा इतिहास तर याहून अवघड आहे. ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांची मोठी दंगल झाली. तोवर पुण्यात आणि इतरत्र मोहरमच्या ताबुतांत हिंदू हौसेने सामील होत, नवस बोलत, सोंगे काढत. दंगलीनंतर ताबुतांकडे पाठ फिरवण्याचे आवाहन झाले आणि त्याच सुमारास गणेशोत्सव घरातून रस्त्यावर आला. त्याने पुढे किती वक्ते, किती गायक, किती कार्यकर्ते घडवले हे सांगायला नको, माझ्या लहानपणीची सगळी नाटके मी गणपतीतच पाहिली. पण मशिदीपुढून जाताना वाजवायचे की थांबवायचे हा वादही पुण्यात त्याच मिरवणुकांबरोबर, १८९४ मध्येच, सुरू झाला हेही खरे. उत्सव आणि आव्हान एकाच पालखीत बसून निघाले होते.

जवळजवळ शंभर वर्षांनी, डिसेंबर १९९२ च्या अखेरीस, मुंबईत महाआरत्या सुरू झाल्या. शुक्रवारची नमाज रस्त्यावर होते, त्याला ते उत्तर होते. जुम्म्याची नमाज जमातीने पढायची असते, वेळ भर दुपारची, आणि जुन्या मुंबईतल्या मशिदींत तेवढी माणसे मावत नाहीत, म्हणून ओळी रस्त्यावर येतात. वाहतूक अडते, लोक चिडतात, आणि त्या चिडण्यात गैर काही नाही. ज्याला दवाखाना गाठायचा आहे त्याला कुणाच्याही देवासाठी ताटकळावे लागू नये. तोच नियम रस्ता अडवणाऱ्या मांडवाला, आणि मी पुढे जाऊन म्हणेन, लग्नाच्या वरातीलाही. पण महाआरतीला वाहतूक मोकळी करायची नव्हती. जागा नाही म्हणून रस्त्यावर आलेली प्रार्थना एक, आणि समोरच्याला दिसावी म्हणून रस्त्यावर आणलेली प्रार्थना दुसरी. शहरात तेव्हा जे वातावरण होते त्यात त्या महाआरत्यांनी किती भर घातली याची नोंद न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात आहे. त्या जानेवारीत आम्ही बँकेतून दुपारीच सुटून रिकाम्या गाड्यांनी घरी येत होतो. भजनी मंडळे गप्प होती.

देवासमोर उभा असलेला माणूस देवाकडे पाहतो आहे की शेजाऱ्याकडे, हे ओळखायला आयोग लागत नाही. आवाज कुठल्या दिशेला लावला आहे त्यावरून ते कळते. कर्णा देवाकडे तोंड करून बसवलेला मी अजून पाहिलेला नाही, मंदिरातही नाही आणि मशिदीतही नाही.

कर्ण्याच्या बाबतीत कायद्याने मात्र बऱ्यापैकी काम केले आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली, रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी केली. त्याच वर्षी चेन्नईच्या एका चर्चविषयीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, इतरांची शांतता भंग करून प्रार्थना करा असे कुठलाही धर्म सांगत नाही. २००५ मध्ये याच न्यायालयाने रात्रीची बंदी पक्की केली आणि जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ध्वनिक्षेपक हा धर्माचा अत्यावश्यक भाग नाही असे पुन्हा बजावले. मला डेसिबलचा नियम आवडतो, कारण त्या यंत्राला देवाचे नाव वाचता येत नाही. काटा वर गेला की गेला. अडचण येते ती काटा वाचणाऱ्या माणसाची. कोणत्या वस्तीत तो डोळ्यावर चष्मा लावून जातो आणि कोणत्या वस्तीत काढून ठेवतो, ते सगळ्यांना माहीत असते.

शाळेसाठी राज्यघटनेत याहून नाजूक तरतूद आहे. कलम २८ प्रमाणे संपूर्ण सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही. अनुदानित शाळेत उपासना असली, तरी मुलाच्या पालकाच्या संमतीशिवाय त्याला तिथे बसवता येत नाही. इथे संमती आधी घ्यायची आहे, हरकतीची वाट पाहायची नाही. १९८६ मध्ये केरळमधल्या तीन भावंडांचा खटला सर्वोच्च न्यायालयात आला. ती राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण आपल्या पंथाच्या श्रद्धेमुळे गात नसत, म्हणून त्यांना शाळेतून काढले होते. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी त्यांना परत घ्यायला लावले. उभे राहण्यात आदर आहे आणि न गाण्याने तो कमी होत नाही, असा तो निकाल. मी तो वाचला तेव्हा मला आमच्या डब्यातली ती परिचारिका आठवली. तिळगूळ घेऊन कुंकवाला मान मागे घेणारी.

सामंजस्याच्या ज्या गोष्टी आपण नेहमी सांगतो त्यांच्याविषयीही थोडे बोलायला हवे. सांगली जिल्ह्यात वाळवा तालुक्यातल्या गोटखिंडी गावात मशिदीत गणपती बसतो. एका वर्षी पावसात मूर्ती भिजू लागली म्हणून मुसलमानांनीच ती आत घ्या म्हटले, अशी हकीकत गावकरी सांगतात, आणि १९८० पासून तो तिथे दर वर्षी बसतो. २०१७ मध्ये बकरी ईद गणपतीच्या दिवसांत आली, तेव्हा तिथे केवळ नमाज झाली. कोल्हापूर जिल्ह्यात कुरुंदवाडला एकीत नाही, पाच मशिदींत गणपती बसतात. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी अनगडशहा बाबांच्या दर्ग्याशी पहिली थांबते. माहीमला मखदूम बाबांच्या उरुसात पोलिसांची चादर असते, आणि तिथेच दर बुधवारी चर्चच्या नोव्हेनाला मेणबत्त्या घेऊन उभ्या असलेल्या रांगेत निम्म्या बायकांच्या गळ्यात मंगळसूत्र असते. हे सारे खरे आहे. पण गोटखिंडीत मूर्ती आत घेतली ती ज्यांची मशीद होती त्यांनी. बुधवारी माहीमला जाणारी बाई आपल्या पायांनी, आपल्या गरजेसाठी जाते. जिथे जागेचा धनी स्वतः दार उघडतो तिथे औदार्य फुलतेच. जिथे जागा सगळ्यांची असते, तिथे दार कुणी कुणाला उघडायचे?

हरयाणात गुरुग्रामला हाच पेच पडला. उघड्यावरच्या शुक्रवारच्या नमाजेसाठी २०१८ मध्ये प्रशासनाने ३७ जागा ठरवून दिल्या होत्या. २०२१ मध्ये विरोध वाढला आणि त्यांतल्या काही काढून घेतल्या गेल्या. तेव्हा तिथल्या गुरुद्वारा समितीने आपली जागा देऊ केली. देशभर कौतुक झाले, पण तणाव असा होता की ती नमाज तिथे झाली नाही. औदार्याला सरकारी जागेची भरपाई करायला लावले की असे होते.

या सगळ्यावर फ्रान्ससारखे सार्वजनिक जीवन धुऊन स्वच्छ करा, असे म्हणणारे मित्र मला आहेत. त्यांचे तर्कशास्त्र चोख असते. मात्र आपल्याकडे रिक्षाच्या आरशाला लटकणाऱ्या देवापासून कोर्टातल्या शपथेपर्यंत देव सगळीकडे आहे, आणि तो काढायला निघालात तर आधी गरिबाचा निघेल, श्रीमंताचा संगमरवरी गाभारा तसाच राहील. शिवाय मला तो काढावासाही वाटत नाही. मला हवी आहे ती व्यवहारातली थोडी स्वच्छता, आणि ती बँकवालीच्या स्वभावाला धरून अगदी हिशेबी आहे.

आपल्या गृहनिर्माण संस्थाच घ्या. तिथला सभागृहाचा तुकडा, गच्ची आणि वाहनतळ, हीच आज मध्यमवर्गाची सामायिक जागा. तिथे माघी गणपती बसतो, नवरात्र होते, एखाद्या संकुलात रमजानच्या रात्रीची तरावीह होते, नाताळाचा तारा लागतो. होऊ दे. पण उत्सवाचा पैसा देखभाल खर्चात मिसळू नये. त्याचे खाते वेगळे, पावती वेगळी. वर्गणीच्या यादीत आधी नावे लिहून ठेवू नयेत, कोरा कागद सूचनाफलकाशेजारी टांगावा, ज्याला वाटेल त्याने स्वतःच्या हाताने नाव घालावे. कुणी घातले नाही हे कुणाला कळू नये. सभागृह सणासाठी मागण्याचा अर्ज सगळ्यांना एकच, भाडे एकच, वेळ एकच. ज्या कुटुंबाने कधीच काही मागितले नाही, त्याच्या मुलीच्या बारावीच्या परीक्षेत ते सभागृह बंद राहावे, एवढाही एक सण मानायला हरकत नाही. आणि कुणाकडे जाऊन ‘तुम्हाला चालेल ना’ असे विचारण्याऐवजी ‘काय अडचण होईल ते सांगा, त्याप्रमाणे बदलतो’ असे विचारावे. उत्तर बहुधा लहानच येते. स्पीकर जिन्याकडे नको. जेवणात एक पंगत वेगळी ठेवा. आरतीच्या वेळी लिफ्ट अडवू नका, आईला डायलिसिसला न्यायचे असते.

२००८ आणि २००९ साली रमजान आणि गणपती एकत्र आले होते. तेव्हा उपवास सोडण्याची वेळ आणि आरतीची वेळ काही मिनिटांच्या फरकाने यायची. मुंबईतल्या किती गल्ल्यांत एका बाजूला खजुराची ताटे आणि दुसऱ्या बाजूला निरांजने दिसत. पंचांगाच्या हिशेबाने तो योग पुन्हा २०४० च्या आसपास आहे. आज सोसायटीच्या वाहनतळात सायकल शिकणारी मुले तेव्हा कार्यकारिणीत असतील.